बीपीची गोळी

बेलापूरच्या पेठेत अश्विनी भिंगारदिवेचं मेडिकल आहे. दुकान तिचं एकटीचं. नवरा महेंद्र साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळे त्याचा दुकानाशी संबंध शटरला कधीमधी तेल घालण्यापुरता. डी. फार्म झाल्यापासून चौदा वर्षं ती त्या काउंटरमागे उभी होती. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पाकिटावर ती सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढून द्यायची. "बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत," हे तर ती इतक्या वेळा म्हणायची की तिच्या पोरीने, सम्यकाने, शाळेच्या स्नेहसंमेलनात आईची नक्कल करून याच एका वाक्यावर टाळ्या मिळवल्या होत्या.

अशा बाईला मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, खोकल्याच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता मरण आलं. म्हणजे तिला तरी तसंच वाटलं. आधी काळीज एकदम उसळलं, मग धावतच सुटलं. छाती आवळली. बोटांना मुंग्या आल्या. समोरचा माणूस जाड काचेपलीकडून बोलावा तसा बोलत होता.

"मॅडम, ह्याच्याबरोबर टोपण येतं का मापाचं?"

टोपण येतं, हे तिला सांगता येईना. ती खाली बसली ती तशीच खोक्यांना टेकून पडली. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून लंकाबाई धावत आल्या. त्यांनी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घातला आणि पेठेतल्या जमलेल्या लोकांना निकाल सांगून टाकला, "काय न्हाई, ग्यास हाय. माझ्या भावजयीला असंच हुतं."

श्रीरामपूरच्या दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. रक्तदाब थोडा वर, तोही अर्ध्या तासात जागेवर. डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली, जी तिच्याच दुकानातल्या दुसऱ्या फळीवर होती.

पुढच्या रविवारी तेच. मग बँकेच्या रांगेत. मग एसटीत, राहुरीच्या अलीकडे, जिथे उतरून जायला काहीच नाही. जूनपर्यंत तीन ईसीजी झाले, एक इको झाला, थायरॉईड झालं, बी-ट्वेल्व्ह झालं, एका डॉक्टरला काही सुचेना तेव्हा कानाची तपासणीही झाली. सगळं नॉर्मल. या शब्दाचा तिला इतका संताप यायला लागला की टीव्हीवरच्या बातमीत "परिस्थिती नॉर्मल" असं आलं तरी ती चॅनेल बदलायची.

महेंद्र रिपोर्टची फाईल नीट तारखेनुसार लावून ठेवायचा. लॅबमधला माणूस, आकड्यांवर विश्वास.

"अगं, सगळे रिपोर्ट चांगले आलेत. आनंदाची गोष्ट आहे ही. आणि तू रडतेस?"

"मग मला होतं ते काय आहे? नाटक करते का मी?"

"तसं कुठं म्हणलो मी? मनावर घेऊ नको, एवढंच."

"अहो, मी मनावर घेत नाही. ते येऊन बसतं मनावर. मला विचारून येत नाही."

यावर त्याच्याकडे आकडा नव्हता. तो फाईल बंद करायचा आणि चहा टाकायला उठायचा. तिला चहा घेतला की जास्त धडधडतं, हे त्याला चार वेळा सांगून झालं होतं.

महेंद्रचे चुलत भाऊ सहादेवदादा घरी आले. त्यांनी तीनदा विपश्यना केलेली होती आणि त्यांचं बोलणं खरोखरच शांत असे. ते म्हणाले, "इगतपुरीला दहा दिवस बसून ये. दुसरं काही करायचं नाही, फक्त श्वासाकडं बघायचं."

"दादा, मी दिवसभर श्वासाकडंच बघते हो," अश्विनी म्हणाली. "दुसरं काही बघताच येत नाही मला. हाच तर आजार आहे."

दादा हसले, पण तिला हसू आलं नाही. सल्ला देणाऱ्यांत वाईट कुणीच नव्हतं, आणि तिची पंचाईत तीच होती. वाईट माणसाला निदान ओरडता येतं.

मग तिने ती गोष्ट केली, जी तिने दुसऱ्या कुणाला करू दिली नसती. चिंता दाबणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचं एक कुलूपबंद कपाट दुकानात होतं. चिठ्ठी असल्याशिवाय त्यातली एक गोळीही ती कुणाला देत नसे. सरपंचाच्या भावालाही तिने एकदा हात हलवत परत पाठवलं होतं. त्या कपाटातली अर्धी गोळी तिने एका दुपारी जिभेखाली ठेवली. वीस मिनिटांत जग जागेवर आलं. इतकं जागेवर, की तिला मार्चपासूनचे दिवस आठवून रडूच आलं. मग रोज अर्धी. मग सकाळी अर्धी आणि दुपारी अर्धी. पाचव्या आठवड्यात ती बाजारात भाजी घेता घेता थांबली, कारण पर्समध्ये गोळी आहे की नाही हे आठवेना. पर्स उघडली तर गोळी नव्हती. मेथीची जुडी तिथेच टाकून ती दुकानाकडे जवळजवळ पळत गेली. कपाटाला किल्ली लावताना तिला आपला हात दिसला. असा थरथरता हात घेऊन तिच्या काउंटरवर येणारी माणसं तिने पाहिली होती, आणि त्यांच्याशी ती किती कडक आवाजात बोलायची, तेही तिला आठवलं.

त्या रात्री महेंद्रला सांगितलं. तो रागावला नाही, घाबरला. दुसऱ्या दिवशी त्यानेच नगरच्या मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. श्रीरामपूरलाही डॉक्टर होते, पण तिथले औषधांचे सगळे सेल्समन अश्विनीला ओळखत होते. ती म्हणाली, "मला दोन तास एसटी चालेल, पण ओळखीचं माणूस चालणार नाही." राहुरी आली तेव्हा तिने महेंद्रचं मनगट इतकं दाबलं की त्याच्या घड्याळाचा पट्टा तुटला.

डॉक्टर निमसे पन्नाशीच्या बाई होत्या. आवाज हळू, प्रश्न सरळ.

"कपाटातली गोळी कुणी लिहून दिली तुम्हाला?"

"कुणी नाही."

"तुमच्याकडे एखादी बाई अशी चिठ्ठीशिवाय मागायला आली असती तर?"

डॉक्टरांनी तो विषय तिथेच सोडला. मग कागदावर दोन ओळी लिहिल्या. कपाटातली गोळी कशी थोडी थोडी कमी करून बंद करायची, ते एका ओळीत. दुसऱ्या ओळीत नवीन गोळी. नैराश्यावरची म्हणून ती ओळखली जाते, पण पॅनिकवरही तीच चालते, हे अश्विनीला पाठ होतं.

"ही लगेच काम करत नाही. दोन-तीन आठवडे लागतील, कधी चार. आणि सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटेल. घाबरायचं नाही. बंद तर अजिबात करायची नाही. बंद करायची वेळ येईल तेव्हा मी सांगीन, आणि हळूहळू करू."

"मॅडम, मी फार्मासिस्ट आहे."

"म्हणूनच दोनदा सांगणार आहे," निमसे मॅडम म्हणाल्या आणि खरंच दोनदा सांगितलं.

त्रास वाढेल म्हणजे काय, ते कळायला अश्विनीला दोन दिवस पुरले. पोट ढवळायचं. तोंड कोरडं पडायचं. झोपेत दात इतके आवळले जायचे की सकाळी जबडा दुखे. आणि जांभया! झोप येत नसताना जांभया. गिऱ्हाईक आपलं दुखणं सांगतंय आणि ही त्याच्या तोंडावर जांभई देतेय. एका पाटलांनी तर विचारलंच, "मॅडम, आमी नंतर येऊ का?" आणि ज्यासाठी गोळी सुरू केली ती धडधड आता दिवसातून दोनदा यायला लागली होती. घर लागलंय पेटायला आणि बंबवाला म्हणतोय तीन आठवडे थांबा, असलाच प्रकार.

महेंद्र जेवताना मोबाईलवर वाचून दाखवायचा. "मळमळ, लिहिलंय इथं. घाम, लिहिलंय. हे बघ, हात थरथरणं पण आहे."

"अहो, तो कागद मी चौदा वर्षं लोकांना देतेय. माझ्या ताटासमोर वाचू नका."

"तसं नाही, म्हणजे हे सगळं अपेक्षित आहे, एवढंच मी..."

"तुम्हाला अपेक्षित आहे. मला होतंय."

नवव्या दिवशी सासूबाईंना गोळ्यांचं पाकीट सापडलं. सासूबाई म्हणजे विमलबाई. अश्विनी त्यांना आत्या म्हणायची. साठ वर्षं शेतात आणि घरात राबलेली बाई, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून. पीठ मागायला आलेल्या शेजारणीसमोरच त्यांनी पाकीट वर धरलं.

"ही गं कशाची गोळी?"

अश्विनीच्या डोळ्यांपुढून सगळं गाव गेलं. मेडिकलवाली डोक्याच्या गोळ्या खाते. आता तिच्या हातून औषध घ्यायचं का? आणि शेजारीण तर अशी, की तिच्या कानात घातलेलं संध्याकाळपर्यंत नदीपल्याड जाई.

"बीपीची," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण विमलबाईंचा थोरला भाऊ बीपीनेच गेलेला होता. त्या संध्याकाळी घरातली आमटी अळणी झाली. दुसऱ्या दिवशी भाजी अळणी, भाकरी अळणी. लोणच्याची बरणी उचलून माळ्यावर गेली. ठेचासुद्धा त्यांनी मिठाशिवाय केला. मिठाशिवायचा ठेचा म्हणजे नुसती शिक्षा.

"आत्या, मला एकटीला कमी घाला ना. बाकीच्यांना कशाला?"

"एका घरात दोन आमट्या? आन् हळूच तू त्यांच्यातली खाशील. आमच्या अण्णानं तेच केलं. न्हाई, आता सगळ्यांनीच सोडायचं. मीबी सोडलंय."

महेंद्र कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवून यायला लागला. सम्यका कंपासपेटीत मिठाची पुडी ठेवायची. विमलबाई मात्र प्रामाणिक. सुनेसाठी सोडलं म्हणजे सोडलं. त्या अळणी भाकरीचा घास गिळायच्या, पाणी प्यायच्या आणि अश्विनीला विचारायच्या, "बरं वाटतंय ना गं आता?" अश्विनीला वाटे, खरं सांगून टाकावं. तोंडापर्यंत येई, आणि तेवढ्यात कुणीतरी दारात उभं राही. एकदा लंकाबाई, एकदा ती शेजारीण, एकदा वीजबिलवाला. घरात एक खरं बोलायला मोकळी पाच मिनिटं मिळेनात.

बरं मात्र वाटायला लागलं. कधी लागलं ते तिला सांगता येणार नाही. चौथ्या की पाचव्या आठवड्यात एका सेल्समनला तिने मुदत संपत आलेला माल गळ्यात मारल्याबद्दल चांगलं पंधरा मिनिटं झापलं. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून आपण आपली नाडी एकदाही मोजली नाही. ऑगस्टमध्ये ती एकटी एसटीने श्रीरामपूरला जाऊन आली. सप्टेंबरात बँकेत दीड तास उभी राहिली. बँकेत दीड तास उभं राहून चिडणं, फक्त चिडणं आणि मरणाची भीती न वाटणं, हे किती मोठं सुख आहे ते ज्याचं कधी गेलंय त्यालाच कळेल.

पण फुकट काही नव्हतं. वजन चार किलोने वाढलं. ब्लाऊज उसवावे लागले. महेंद्र कुशीवर वळला तर तिला त्याचं काही वाटेनासं झालं, आणि तो बिचारा समजूतदारपणे पाठ करून झोपला की त्या समजूतदारपणाचाही राग यायचा. आणि रडू येईना. नेवाशाला तिची मोठी मामी गेली, जिने तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. सगळ्या बाया हंबरडा फोडत होत्या आणि अश्विनी कोरड्या डोळ्यांनी उभी. दुःख आत कुठेतरी होतं, पण शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावावा तसं. मामेबहीण नंतर म्हणाली, "तू फारच घट्ट झालीस गं." तिने निमसे मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी या, डोस बघू, बदलूही शकतो." पुढची वेळ डिसेंबरच्या शेवटी होती.

अश्विनी तोवर थांबली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने स्वतःशी हिशेब मांडला: तीन महिन्यांत एकही झटका नाही, म्हणजे आजार गेला. मग गोळी कशाला? वजन उतरेल, रडू येईल, आणि आत्यांना सांगता येईल की बीपी बरं झालं, घाला मीठ. रविवारी गोळी घेतली नाही. सोमवारी नाही. मंगळवारीही काही झालं नाही, तेव्हा तिला वाटलं, आपण उगीच घाबरत होतो. ज्या बाईने चौदा वर्षं हजार माणसांना मध्येच सोडू नका म्हणून बजावलं, तिने सोडली. हळूहळू सुद्धा नाही. नळ बंद करावा तशी.

बुधवारी डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की डोक्यात बारीक करंट बसायला लागला. झर्रकन. उजव्या कानामागून कपाळापर्यंत. जिना उतरताना पाय भलतीकडेच पडायचा. सम्यकाने चमचा खाली पाडला तर ती तिच्यावर एवढ्या जोरात ओरडली की पोर ताटावरून उठून गेली. आणि रडू? टीव्हीवर साबणाची जाहिरात पाहून ती ढसाढसा रडली.

शनिवारी नेवाशाला तिच्या बहिणीच्या, मोनिकाच्या, नव्या घराचा गृहप्रवेश होता. जाणं भागच. सकाळी दहाला सगळे पांढऱ्या कपड्यांत हॉलमध्ये बसले होते. भन्तेजी आले, वंदना सुरू झाली. अश्विनी दुसऱ्या ओळीत, दोन्हीकडे माणसं, दार मागे लांब. सरणं म्हणता म्हणता तिला कळलं की ते आलंय. तीच उसळी, तेच छाती आवळणं. ती उठली, कुणाच्या तरी पायावर पाय देत बाहेर पडली आणि समोर दिसलं ते पहिलं दार उघडून आत शिरून कडी लावली.

ते नवंकोरं बाथरूम होतं. दाराला रंग परवाच दिलेला. दहा मिनिटांनी श्वास जरा खाली बसल्यावर तिने कडी ओढली तर कडी हलेना. रंग सुकून कडी जागच्या जागी चिकटली होती. तिने तिथली रबरी चप्पल मारली, कंगव्याची दांडी घातली, दोन्ही हातांनी ओढली. मग ते परत आलं, पहिल्यापेक्षा दुपटीने. तिने दारावर थापा मारायला सुरुवात केली. बाहेर वंदना संपून धम्मप्रवचन सुरू होतं आणि सगळे तन्मय होऊन ऐकत होते.

ऐकलं ते विमलबाईंनी. कान तिखट त्यांचे. मग महेंद्र आला, मोनिकाचा नवरा आला, सुतार बोलवायचा की नाही यावर दोघांची चर्चा झाली. आतून अश्विनी ओरडली, "अहो, चर्चा काय करताय? मी मरतेय इथं!" तेव्हा महेंद्रने खांदा लावला. तिसऱ्या धडकेला कडी कोयंड्यासकट निघाली आणि महेंद्र आत येऊन बादलीवर पडला.

मोनिका रडकुंडीला आली होती. "ताई, आजच्या दिवशी? घराचं पहिलंच दार?"

"दाराचं राहू दे," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला फरशीवर भिंतीला टेकवून बसवलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि महेंद्रकडे वळल्या. "हिची बीपीची गोळी आन. पर्समधी आसंल."

पुसूनही अश्विनीच्या तोंडावर घाम, अश्रू, चुना, सगळं होतंच. आणि तिला अचानक या सगळ्याचाच वीट आला. गोळीचा, खोटेपणाचा, अळणी आमटीचा.

"बीपीची नाही ती, आत्या," ती म्हणाली. "मला बीपी नाही. घाबरण्याचा आजार आहे. मानसिक डॉक्टरची गोळी आहे. आणि ती मी सहा दिवसांपूर्वी बंद केली, म्हणून हे झालं."

बाथरूममध्ये आणि बाहेर मिळून आठ माणसं होती. पहिल्यांदा बोलल्या त्या विमलबाई.

"बीपी न्हाई?"

"नाही."

"आन् मी पाच महिनं आळणी खाल्लं?"

महेंद्रने तोंड फिरवलं, कारण त्याला हसू आवरेना. विमलबाईंना आवरलं. त्या खरोखर संतापल्या होत्या. घरी आल्यावर माळ्यावरची लोणच्याची बरणी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली, भाकरीवर तीन फोडी घेतल्या आणि एकटीने, दाराकडे तोंड करून खाल्ल्या. मग हात धुऊन अश्विनीपाशी येऊन बसल्या.

"डोस्क्याचं हाय म्हंजी... तू आमाला वळखशील ना पुढं?"

पाच महिने अश्विनीला वाटत होतं की ही बाई आपल्याला वेडी म्हणेल. आणि ही बाई घाबरली होती.

"ओळखीन हो, आत्या. तसलं काही नसतं हे. फक्त भीती वाटते, विनाकारण. खूप वाटते."

"मग आदी सांगायचं. भीती काय, मलाबी वाटायची, तुमचे मामंजी गेल्यावर. रातीला उठून दारात बसायची मी. कुनाला सांगितलं न्हाई," विमलबाई म्हणाल्या. मग परत राग आठवून, "पन मिठाचं तरी सांगायचं व्हतं!"

निमसे मॅडमनी रागावणं टाळलं, हे अश्विनीला जास्त लागलं. पुन्हा त्याच लहान डोसपासून सुरुवात. पुन्हा मळमळ, पुन्हा दात, पुन्हा जांभया. जे एकदा भोगून संपवलं होतं ते पुन्हा पहिल्या पानापासून, आणि यावेळी दोष द्यायला दुसरं कुणी नाही. "सहा दिवस," ती महेंद्रला म्हणायची, "सहा दिवसांच्या शहाणपणापायी दोन महिने गेले माझे." महेंद्र आता मोबाईलवर काही वाचून दाखवत नसे. तो नुसता "हं" म्हणायचा. तेच बरं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी कानिफनाथ औताडे दुकानात आले. पढेगावकडचे बागायतदार, गल्लीच्या पलीकडच्या टोकालाही ऐकू जाईल असा आवाज. महिन्याला एकदा मात्र हा आवाज बसायचा. तेव्हा ते निमसे मॅडमची चिठ्ठी काउंटरवर उलटी ठेवायचे आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागायचे. आज चिठ्ठी नव्हती.

"ताई, झोपंची कायतरी द्या. चार-पाच रोज झालं डोळ्याला डोळा न्हाई."

"आणि रोजच्या गोळ्या?"

"त्या बंद केल्या. बरं वाटतंय की आता. मेव्हना म्हनला, त्या गोळ्यांनी मानूस येडा हुतो."

रांगेत मागे चौघं होते. लंकाबाई त्यांच्या ओट्यावर बांगड्या लावत होत्या. अश्विनीला त्या सकाळी स्वतःलाच मळमळत होतं, रात्री झोप झाली नव्हती आणि अकरा महिन्यांत तिने ऐकलेले सगळे मेव्हणे, सगळे भाऊ, सगळ्या भावजया तिच्या डोक्यात एकदम बोलायला लागल्या.

"मेव्हणा डॉक्टर आहे का?"

"न्हाई, त्यो ठेकेदार..."

"डोळे फिरवले की डोक्यात करंट बसतो का?"

कानिफनाथ दचकले. "तुमाला कसं कळलं?"

"पोरांवर विनाकारण ओरडताय? चालताना झोकांडी जाते? कसं कळलं म्हणजे? मी पण त्याच गोळ्या खाते, म्हणून कळलं! तुमच्याच! त्याच डॉक्टरच्या! मी पण अशीच शहाणपणा करून बंद केल्या आणि बहिणीच्या नव्या घराचं दार फोडून मला बाहेर काढलं लोकांनी. मी! चौदा वर्षं हे दुकान चालवणारी! आणि तुम्ही मला मेव्हण्याचं सांगता? झोपेची गोळी मिळणार नाही. आधी डॉक्टरला फोन करा. आत्ता."

कानिफनाथांनी टोपी सारखी केली, रांगेतल्या चौघांकडे पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. लंकाबाईंच्या हातातल्या बांगड्या तशाच.

दुपारपर्यंत पेठेला कळलं, संध्याकाळपर्यंत नदीपल्याड. दोन-तीन कायमची गिऱ्हाईकं वरच्या गल्लीतल्या मेडिकलकडे वळलेली तिने स्वतः पाहिली. एक मास्तर पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव दोन-दोनदा वाचायला लागले, जणू ही चुकीचं देईल. याचा त्रास झाला, खोटं कशाला बोला. पण जास्त त्रास झाला तो दुसऱ्याच लोकांचा. जो तो आता थांबून तिला आपली धडधड सांगायला लागला. वीजबिलवाला सांगायचा, पोस्टातला सांगायचा. लंकाबाईंनी तर दुकान उघडायच्या आधी येऊन कबूल केलं की भावजयीला होतं ते ग्यास नसावं. आणि स्वतः लंकाबाईंनाही होतं, सहा वर्षांपासून. अश्विनी प्रत्येकाला तेच सांगायची: मी डॉक्टर नाही, डॉक्टरकडे जा. आणि प्रत्येक जण मान हलवून अजून पाच मिनिटं बोलायचा.

तिचं स्वतःचं आता बरं चाललं होतं, म्हणजे महिन्यातून एखादा छोटा झटका, जो येतो आणि जातो. यावेळी डॉक्टरांनी औषध थोडं बदललं. जेव्हा लंकाबाईंची नात सासरी निघाली तेव्हा अश्विनीला रीतसर रडू आलं. गोळ्या अजून किमान वर्षभर. "वर्षभर?" असं ती निमसे मॅडमच्या तोंडावर इतक्या जोरात म्हणाली की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग ती म्हणाली, "ठीक आहे," आणि ते ठीक नव्हतं, पण घ्यायच्या हे तिने ठरवलं होतं.

कानिफनाथ काही आले नाहीत. महिन्याने त्यांची बायको आली, छबूबाई. नऊवारी, हातात चिठ्ठी, यावेळी सुलटी.

"तेच म्हनले, त्या चिडक्या बाईकडनंच आन. दुसरीकडं जाऊ नगं."

अश्विनीने गोळ्या काढल्या. छबूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटावर सूर्य काढला. छबूबाई पाकीट घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"ताई, परत चालू केल्या त्यांनी. पन लई गरगरतंय म्हनत्यात. ट्रॅक्टर चालवला तर चालंल का? ऊस पडलाय शेतात, त्यांचं कुनी ऐकत न्हाई, ते कुनाचं ऐकत न्हाईत."

"गरगरतंय तर आज चालवायला देऊ नका. आणि डॉक्टरला विचारा."

"आमचं कोन ऐकतंय फोनवर? ती दवाखान्यातली पोरगी सारखं थांबा म्हनती."

अश्विनीने कपाळाला हात लावला. मागे तीन गिऱ्हाईकं होती. तिने आपला मोबाईल काढला आणि निमसे मॅडमच्या दवाखान्याचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तिसऱ्यांदा त्या पोरीने उचलला, "थांबा" म्हणाली आणि मध्येच कट झाला.

"बघा," छबूबाई म्हणाल्या.

"बसा तुम्ही," अश्विनी म्हणाली, स्टूल पुढे सरकवलं, मागच्या गिऱ्हाइकांना हाताने थोपवलं आणि दात आवळून चौथ्यांदा नंबर लावला.